एक प्रत आपल्या घरी

पांढुर्णा आणि सावरगाव या दोन वस्त्यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याला झेंडा बांधला जातो आणि दोन्ही काठांवर माणसे गोळा होतात. मग एका काठावरून दुसऱ्या काठावर दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्ण्याच्या लोकांनी झाड तोडून चंडीमातेच्या देवळात न्यावे आणि सावरगावच्या लोकांनी त्यांना अडवावे, अशी ही 'गोटमार'. दरवर्षी तीत शेकडो लोक जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राण गेले आहेत. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. परंतु गोटमार थांबली नाही.

ही प्रथा कशी सुरू झाली, असे विचारले की उत्तरे अनेक मिळतात. पांढुर्ण्याच्या एका तरुणाचे सावरगावच्या मुलीवर प्रेम बसले, तो तिला घेऊन नदी ओलांडू लागला, तेव्हा दोन्ही काठांवरून दगड आले आणि त्या दोघांचा नदीतच अंत झाला, असे बहुतेक जण सांगतात. भोसल्यांचे सैनिक येथे गोफणगुंड्यांचा सराव करीत, त्यातून ही चाल पडली, असेही काही जण म्हणतात. दोन्ही कथा तोंडीच चालत आलेल्या आहेत. सांगणारा बदलला की तपशील बदलतो. काठ बदलला की दोष कोणाचा हेही बदलते. ज्या गोष्टीपायी माणसांची डोकी फुटतात, ती गोष्ट पहिल्याने पाहणाऱ्यांनी काय सांगितले, त्यावर गावात काय बोलणे झाले, हे मात्र हवेत विरून गेले. दगड तेवढे उरले.

बोलणे हे असेच असते. माणसे एकत्र बसतात, एक प्रश्न निघतो, त्यावर दुसरा बोलतो, तिसरा त्याला अडवतो, चौथा आपला अनुभव सांगतो. चार घटका, कधी चार दिवस, कधी चार वर्षे अशी चर्चा चालते. तीत शहाणपण असते, चुकाही असतात, आणि चुकांची दुरुस्तीही असते. परंतु उठून गेल्यावर प्रत्येक जण आपल्याला रुचेल तेवढेच घेऊन जातो. पुढे दहा वर्षांनी कोणी विचारले तर निष्कर्ष तेवढा सांगता येतो. तो कोणत्या कारणाने निघाला, त्याला कोणी विरोध केला, कोणती शंका तशीच राहिली, हे सांगता येत नाही. निष्कर्ष म्हणजे झाडाचे फळ. ते तोडून घरी आणता येते. परंतु पुढच्या हंगामाला फळ हवे असेल तर झाड राखावे लागते. लांबलेल्या चर्चेची संपूर्ण प्रत राखणे म्हणजे असे झाड राखणे होय.

हे काम मराठी माणसाला नवे नाही. सावरगावाहून नैर्ऋत्येला, वरूड-मोर्शीचा संत्र्यांचा मुलूख ओलांडला की अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर लागते. आज मध्ये दोन राज्यांची सीमा आहे. भाषेला ती सीमा ठाऊक नाही. याच रिद्धपुरात साडेसातशे वर्षांपूर्वी एका विद्वानाने लोकांच्या आठवणीतले बोलणे कागदावर उतरविण्याचा असा उद्योग केला की मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ त्यातून निर्माण झाला. तो विद्वान म्हणजे म्हाइंभट, आणि तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र.

म्हाइंभट हा सराळे गावचा पंडित. विद्येचा त्याला अभिमान होता. श्रीचक्रधरांशी वाद करावा म्हणून तो आला आणि शिष्य होऊन राहिला. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते गावोगाव फिरत, मठात किंवा देवळाच्या ओवरीत उतरत आणि भोवती जमलेल्या स्त्रीपुरुषांशी बोलत. कोणी शंका विचारी, कोणी तक्रार करी, कोणी केवळ भोळा प्रश्न घाली. महदाइसा तर प्रश्न विचारण्यासाठीच प्रसिद्ध होती. एका उत्तराने तिचे समाधान होत नसे. कधी उत्तर सरळ येई, तर कधी एखाद्या दृष्टांताच्या रूपाने. वर्षानुवर्षे चाललेला हा मोठा संवाद होता आणि तो मराठीत होता.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात चक्रधर या मंडळींना सोडून उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेली माणसे नागदेवाचार्यांसह रिद्धपुरास, चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात, येऊन राहिली. परंपरा अशी सांगते की, नागदेवाचार्य एकांतात बसून काहीतरी आठवीत असत. म्हाइंभटाने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, स्वामींच्या लीळांचे स्मरण चालले आहे. तेव्हा म्हाइंभटाच्या ध्यानात एक साधी पण भेदक गोष्ट आली. आज आठवणारी माणसे हयात आहेत. उद्या ती नसतील. मग त्यांच्याबरोबर तो संवादही जाईल. त्याने लिहिण्याची अनुज्ञा मागितली, आणि इसवी सन १२७८ च्या सुमारास रिद्धपूरच्या वाजेश्वरीत लीळाचरित्र आकारास आले.

म्हाइंभटाने जे केले त्यापेक्षा ते ज्या रीतीने केले, ती रीत अधिक विचार करण्यासारखी आहे. तो विद्वान होता. घरी बसून, ऐकलेल्या गोष्टींना आपल्या पांडित्याची झालर लावून त्याला सुंदर चरित्र लिहिता आले असते. त्याने तसे केले नाही. ज्या प्रसंगी जे माणूस हजर होते, त्या प्रसंगाविषयी त्याने त्या माणसालाच विचारले. जो ज्या गावी होता त्या गावी तो गेला. मोठ्या शिष्यांचे त्याने ऐकले, तसे साध्या सेवकाचेही ऐकले. पुरुषांचे ऐकले, तसे स्त्रियांचेही ऐकले. सांगितलेले त्याने नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. म्हणून लीळाचरित्रात तत्त्वज्ञान आहे तसे त्या काळचे जेवणही आहे; वाटेवरची गावे, देवळांच्या दिशा, कपडे, बाजार, आजारपण, रुसवे-फुगवे हे सारे आहे. त्या काळी ज्याला कोणी टाकाऊ तपशील म्हटले असते, त्याच तपशिलांमुळे यादवकालीन महाराष्ट्र आज डोळ्यांपुढे उभा राहतो.

चक्रधरांच्या दृष्टांतांत आंधळ्यांचा आणि हत्तीचा एक दृष्टांत प्रसिद्ध आहे. एकाच्या हाताला पाय लागतो, दुसऱ्याच्या हाताला सोंड, तिसऱ्याच्या हाताला कान. आणि ज्याला जे लागले तोच हत्ती असे तो समजतो. हा दृष्टांत ईश्वराविषयी असला, तरी चर्चेची नोंद करणाऱ्यानेही तो जवळ बाळगावा असा आहे. चर्चेतले प्रत्येक माणूस एकेक अंग धरून बोलत असते. नोंद करणाऱ्याने त्यातले एकच अंग उचलले तर त्याच्या वहीत हत्ती येत नाही, खांब येतो.

परंतु नुसते लिहून ठेवले म्हणजे काम संपत नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य कोसळत होते. फौजांच्या स्वाऱ्या, लुटालूट, पळापळ अशा त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. तीस वर्षांपूर्वी इतक्या कष्टाने जमविलेला ग्रंथ एका धाडीत नाहीसा झाला. ही एकच पोथी सर्व काही असती, तर लीळाचरित्राचे आज केवळ नाव उरले असते.

तो ग्रंथ वाचला तो एका स्त्रीच्या स्मरणशक्तीमुळे आणि अनेकांच्या जिद्दीमुळे. हिराइसा नावाच्या साध्वीला ग्रंथ मुखोद्गत होता. तिच्या पाठावरून आणि इतरांना जे जे आठवत होते त्यावरून तो पुन्हा लिहून काढण्यात आला. येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. पुन्हा लिहिताना सगळ्यांचे स्मरण सारखे भरले नाही. एक म्हणाला, हे बोलणे अमक्या गावी झाले. दुसरा म्हणाला, तमक्या गावी. एकाला एक शब्द आठवला, दुसऱ्याला दुसरा. लिहिणाऱ्यांनी काय केले? त्यांनी बहुमत घेतले नाही; आपल्या मनाला पटेल ते ठेवून बाकीचे पुसूनही टाकले नाही. कोणाचा पाठ कसा आहे हे त्यांनी नावानिशी नोंदविले. म्हणूनच पोथीत जागोजागी हिराइसेचे म्हणणे असे, दुसऱ्याचे म्हणणे तसे, अशा नोंदी आढळतात. मतभेद हा ग्रंथाचा दोष न होता ग्रंथाच्या प्रामाणिकपणाची साक्ष झाला.

चर्चेचे सार काढण्याचा मार्गही त्या काळी चोखाळला गेला. केसोबासांनी लीळाचरित्रातील चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. ११४ दृष्टांत निवडून दृष्टांतपाठ तयार केला. पाठांतराला हे सार फार सोयीचे झाले. परंतु सूत्र म्हटले की प्रश्न येतोच, की हे वाक्य कोणाला उद्देशून म्हटले, आणि कोणत्या प्रसंगी म्हटले? हे कळल्याशिवाय अर्थ निश्चित होत नाही. त्यासाठी सूत्रांमागचे प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' पुढे लिहावे लागले. सार काढणारांनाही शेवटी मूळ संवादाकडे परतावे लागले, ते मूळ राखलेले होते म्हणूनच परतता आले. साराने मूळ प्रतीची गरज संपत नाही. उलट सार जितके आटोपशीर, तितकी मूळ प्रतीची गरज अधिक.

प्रत राखताना ती वाचणार कोण, हाही प्रश्न असतो. नागदेवाचार्यांचे शिष्य मोठे संस्कृत पंडित होते. त्यांच्यापैकी एकाने संस्कृतात लिहू लागताच आचार्यांनी त्याला थांबविले; कारण संस्कृतात लिहिले तर स्वामींच्या परिवारातल्या साध्या बायामाणसांना ते ज्ञान अंतरेल, असे त्यांना वाटले. ज्यांच्यामध्ये बोलणे झाले त्यांच्याच भाषेत ते लिहिले जावे, हा त्यांचा आग्रह होता. मराठी गद्य जन्मास आले ते या आग्रहातून.

पुढे मात्र त्याच पंथाने एक निराळे वळण घेतले. चौदाव्या शतकात सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या निघाल्या. एका अक्षरासाठी दुसरे चिन्ह योजायचे अशी त्यांची घडण होती. ग्रंथ परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, हा हेतू असावा. हेतू सफल झाला. ग्रंथ सुरक्षित राहिले. महानुभाव मठ थेट पंजाबापर्यंत गेले आणि तेथेही मराठी पोथ्यांचे पठण होत राहिले. परंतु या कुलुपामुळे कित्येक शतके बाकीचा महाराष्ट्र आपल्या भाषेच्या या पहिल्या धनाला मुकला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उकलली. महंतांनीही हळूहळू पोथ्या दाखविल्या. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६ च्या सुमारास लीळाचरित्र छापण्यास आरंभ केला, शं. गो. तुळपुळे यांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली. आणि विष्णु भिकाजी कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. आता तर रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. एका माणसाने गावोगाव फिरून टिपलेल्या बोलण्याचा हा विस्तार आहे.

गोव्यातील एक उदाहरणही असेच बोधप्रद आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले आणि साष्टीत राहून मराठी शिकले. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. या ग्रंथाची मांडणीही संवादाचीच आहे. शिकू पाहणारा प्रश्न विचारतो आणि गुरू उत्तर देतो. १६१६ मध्ये राचोल येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला; पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. तीन वेळा छापलेला ग्रंथ नष्ट होणार नाही असे कोणालाही वाटेल. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. देशी भाषेतील ग्रंथांवर वाईट दिवस आले. आज त्या तिन्ही आवृत्त्यांतील एकही छापील प्रत उपलब्ध नाही.

मग क्रिस्तपुराण आज वाचावयास मिळते ते कसे? साध्या कुटुंबांनी ते आपल्या हातांनी उतरवून घेतले होते म्हणून. उपवासकाळात चार माणसांनी बसून ते वाचावे, गावे, अशी चाल होती. त्यासाठी घरात प्रत हवी म्हणून कोणी ती लिहून काढी. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे गेलेल्या कुटुंबांनी आपल्या सामानाबरोबर या वह्याही नेल्या. अशाच हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे क्रिस्तपुराण पुन्हा छापून काढले. पुढे लंडनमधील मार्सडेन यांच्या संग्रहात देवनागरी लिपीतील एक प्रतही जस्टिन ॲबट यांना आढळली. छापखान्याच्या प्रती गेल्या, घरच्या वह्या राहिल्या.

तुकोबांच्या अभंगांची कथा तर घरोघर ठाऊक आहे. वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, हे भाविक भक्तिभावाने सांगतात. परंतु भक्तीला बाधा न आणता आणखी एक गोष्ट सांगता येते. संताजी जगनाडे या तेली समाजातल्या टाळकऱ्याने तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. त्याच्या वह्या त्याच्या घराण्यात जपल्या गेल्या आणि त्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकात गाथा प्रसिद्ध केली. कीर्तनात टाळ वाजविणाऱ्या माणसाने घरी जाऊन दिव्याच्या उजेडात केलेले ते काम आहे.

या तिन्ही कथांतून एकच तात्पर्य निघते. मोठी ठेव सांभाळावी ती राजाने, मठाने किंवा छापखान्याने, असे माणसाला वाटते. परंतु राज्य बुडते, मठ कुलूप लावतो आणि छापखान्यावर हुकूम येतो. अशा वेळी कोणाच्या तरी फडताळात, धान्याच्या कणगीमागे किंवा पेटीच्या तळाशी असलेली एखादी वैयक्तिक प्रत उपयोगी पडते. ती प्रत सुंदर नसते, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली असते. परंतु ती असते, हाच तिचा मोठेपणा.

आता पुन्हा सावरगावाकडे येऊ. पांढुर्णा आणि सौंसर हा भाग ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. नागपुरी संत्र्याच्या पट्ट्यातला हा मुलूख. येथला शेतकरी घरी मराठी बोलतो आणि सरकारी कागद हिंदीत वाचतो. संत्र्याच्या बागेविषयीचे त्याचे ज्ञान पुस्तकात थोडे आणि बोलण्यात फार आहे. आंबिया बहार घ्यायचा की मृग बहार, पाणी किती दिवस तोडायचे, ताण कोणत्या दिवशी मोडायचा, भारी जमिनीत आणि हलक्या जमिनीत किती फरक ठेवायचा, डिंक्या झालेले झाड वाचवायचे की काढायचे, फळगळ पाण्याने झाली की किडीने, या प्रश्नांवर पारावर बसलेली वडीलधारी माणसे तासन्तास बोलतात. अमक्या वर्षी गारपीट झाली तेव्हा कोणाची बाग कशी वाचली, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्यातला एक एक जण जातो आणि त्याच्याबरोबर एक एक पोथी जाते.

अलीकडे ही चर्चा पारावरून फोनवर आली आहे. बागाईतदार झाडाचे छायाचित्र पाठवितो. कोणी सल्ला देतो, कोणी तो खोडून काढतो, आणि पंधरा दिवसांनी मूळ प्रश्न विचारणारा काय गुण आला ते सांगतो. एका हंगामाची अशी चर्चा म्हणजे एक ग्रंथच होतो. फोनमध्ये आहे म्हणजे जपलेले आहे, अशी समजूत मात्र सर्वत्र दिसते. फोन विहिरीत पडतो, चोरीस जातो, जागा भरली म्हणून मुलगा जुने सगळे पुसून टाकतो. काही संभाषणे तर ठरावीक दिवसांनी आपोआप नाहीशी व्हावीत अशी योजना केलेली असते. ज्याच्या यंत्रावर आपला शब्द ठेवला आहे, त्याची आणि आपली गरज कायम एकच राहील असे नसते. मूळ पोथीवर धाड पडण्यास आता फौज लागत नाही. बोटाचा एक स्पर्श पुरे होतो.

म्हणून ज्याला अशी चर्चा मोलाची वाटते, त्याने म्हाइंभटाची रीत आजच्या साधनांनी चालवावी. पहिली गोष्ट अशी की, उशीर करू नये. चर्चा चालू आहे तोवरच तिची प्रत काढावी आणि ठरावीक काळाने पुढचा भाग तीत भरावा. व्हॉट्सॅपसारख्या साधनांत संपूर्ण संभाषण साध्या मजकुराच्या फाईलमध्ये बाहेर काढण्याची सोय असते. परंतु एका वेळी किती मजकूर येईल याला मर्यादा असते. फार लांबलेली चर्चा शेवटी एकदम काढू गेल्यास आरंभीचा भाग हाती न लागण्याचा संभव असतो. म्हणून प्रत काढल्यावर तिचा पहिला आणि शेवटचा निरोप मुळाशी ताडून पाहावा.

दुसरी गोष्ट बोललेल्या निरोपांची. पुष्कळ वडील माणसे टंकलेखन करीत नाहीत. ती फोनमध्ये बोलून निरोप पाठवितात. मजकूर तेवढा बाहेर काढला तर जेथे आजोबांचा आवाज होता तेथे केवळ ध्वनी वगळल्याची खूण राहते. म्हणजे सर्वांत अनुभवी माणसाचे बोलणे तेवढे गळते! असे ध्वनी निराळे जपून ठेवावेत. आणि घरातल्या शाळकरी मुलाने ते ऐकून वहीत उतरवावेत. त्यातला वऱ्हाडी-नागपुरी शब्द बदलून पुस्तकी शब्द घालू नये. आजोबा जसे बोलले तसेच लिहावे. ग्रामीण शब्द हाही त्या ज्ञानाचाच भाग असतो.

तिसरी गोष्ट, उत्तराबरोबर प्रश्न राखावा. ताण दोन महिने द्यावा, एवढेच टिपले तर ते सूत्र झाले. जमीन कोणती होती, वर्ष कोणते होते, पाऊस किती झाला होता, हे नसेल तर त्या सूत्राने हलक्या जमिनीतली बाग वाळून जाईल. चौथी, बोलणाऱ्याचे नाव आणि दिवस लिहावा. पाचवी, दोन मते असतील तर दोन्ही ठेवावीत. चुकीचे ठरलेले मतही पुसू नये, कारण ते का चुकले हे पुढच्या माणसाला कळावयास हवे. सहावी, प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये. एक फोनाबाहेर संगणकात किंवा लहानशा स्मरणपट्टीत असावी. एक कागदावर छापून घरात असावी. आणि एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे असावी. एका घराला आग लागली तर दुसरे घर उरते, हा हिशेब फार जुना आहे.

सातवी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. चर्चा ही अनेकांच्या विश्वासावर उभी असते. कोणी कर्जाविषयी बोललेला असतो, कोणी भावाविषयी, कोणी रागाच्या भरात काही म्हणून गेलेला असतो. शिवाय अशा फाईलमध्ये माणसांची नावे आणि फोनचे क्रमांक असतात. स्वतःसाठी राखलेली प्रत ही राखण्यासाठी आहे, मिरविण्यासाठी नाही. दुसऱ्याला ती द्यावयाची झाली तर ज्याचे बोलणे आहे त्याला विचारावे. आणि जे केवळ घरगुती दुःख आहे ते वगळावे. महानुभावांनी आपल्या पोथ्यांना कुलूप घातले, ते फार घट्ट घातले. आजचा माणूस कुलूपच लावीत नाही. दोहोंमधला मार्ग धरावा. परक्याला सहज उघडता येऊ नये आणि घरच्याला उघडता आल्यावाचून राहू नये, अशी प्रत असावी. फाईलला परवलीचा शब्द घातला असेल तर तो घरातल्या आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक असावा. नाही तर तीही एक सकळ लिपीच होऊन बसेल, आणि तिचा उलगडा करण्यास राजवाडे कोठून आणावयाचे?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? दहा वर्षांनी कोण वाचणार आहे? म्हाइंभटालाही हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याला उत्तर देता आले नसते. साडेसातशे वर्षांनंतर विद्यापीठात आपला ग्रंथ शिकविला जाईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की, ज्यांनी ऐकले ती माणसे अजून आहेत. मंगळूरकडच्या ज्या गृहिणीने क्रिस्तपुराणाची वही दमट हवेतून वाचवून सुनेच्या हाती दिली, तिलाही त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. पुढच्या वाचकाची खात्री करून कोणी प्रत ठेवीत नाही. प्रत असली तर वाचक येण्याची शक्यता तरी राहते.

पोळा दरवर्षी येतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळस उभा राहील आणि दगडही उडतील. त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी सावरगावच्या एखाद्या मुलाने आपल्या आजोबांपुढे वही घेऊन बसावे आणि गोटमारीविषयी त्यांनी त्यांच्या आजोबांकडून काय ऐकले ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. पांढुर्ण्याच्या एखाद्या मुलीने आपल्या आजीपाशी बसून तेच करावे. मग दोघांनी आपापल्या वह्या एकमेकांना वाचून दाखवाव्यात आणि एकमेकांची प्रत उतरवून घ्यावी. दोन वह्यांतली कथा एकच निघणार नाही. जुन्या पोथीकारांप्रमाणे दोन्ही पाठ नावानिशी ठेवावेत. पलीकडच्या काठाचे म्हणणे आपल्या हातच्या अक्षरात आपल्या घरी असले, तर त्या काठाकडे दगड उचलणारा हात क्षणभर तरी थांबेल. आणि तसा एक हात जरी थांबला तरी वही लिहिल्याचे सार्थक झाले.